मतमोजणीनंतरची बेगमी

मोठ्या मतदानाच्या आधी घराघरांत एक प्रश्न निघतो. चावडीवरच्या चर्चेपेक्षा तो जरा हळू आवाजात, स्वयंपाकघरात निघतो: ‘निकाल भलता लागला तर आपण काय करायचं? काही भरून ठेवायचं का? पैसे काढून आणायचे का?’

या प्रश्नाची टर उडवणारे पुष्कळ असतात, पण प्रश्न शहाणपणाचा आहे. त्याचं उत्तर शोधायला ब्रिटनसारखं दुसरं उदाहरण नाही. २०१६ साली तिथे युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल, म्हणजेच ब्रेक्झिटबद्दल, जनमत घेतलं गेलं. युद्ध नाही, दंगल नाही, बँका बुडाल्या नाहीत. सुखवस्तू, शिस्तीचा देश. तरीही पुढची साडेचार वर्षं तिथल्या सामान्य कुटुंबांना पुढच्या मार्चमध्ये आपल्या घराची स्थिती काय असेल हे सांगता येत नव्हतं. त्या काळात लोकांनी काय तयारी केली, त्यातलं काय कामाला आलं आणि काय फुकट गेलं, याचा हिशोब आज मांडता येतो. आणि तो हिशोब बातम्यांमध्ये दिसत होता त्याहून बराच वेगळा निघतो.

१. निकाल लागला, पण ठरलं काय?

२३ जून २०१६, गुरुवार. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: संघात राहायचं की बाहेर पडायचं. ७२ टक्के लोकांनी मतदान केलं. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के आणि राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मतं पडली. शुक्रवारी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं आणि १३ जुलैला थेरेसा मे त्या जागी आल्या.

आता गंमत पाहा. बाहेर पडायचं हे ठरलं. पण व्यापार कसा चालेल, सरहद्दीवर तपासणी होणार का, युरोपातून येऊन राहिलेल्यांचं काय, औषधांना परवानगी कोण देणार, यातलं काहीच मतपत्रिकेवर नव्हतं. ते ठरवायला पुढची साडेचार वर्षं गेली. म्हणजे मतमोजणी संपली तेव्हा अनिश्चितता संपली नव्हती, ती सुरू झाली होती.

इथे पहिली संकल्पना समजून घेऊ. धोका आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याची बेगमी होते. गहू-तांदूळ ऊन दाखवून कणग्यांत-डब्यांत जातात, पापड-कुरडया वाळतात, लाकूडफाटा आडोशाला लागतो. हे सगळं जमतं, कारण पाऊस जूनमध्ये येणार हे माहीत असतं, झड किती दिवस लागते याचा अंदाज असतो, आणि त्या दिवसांत काय मिळणार नाही तेही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. हा झाला धोका: त्याचं माप घेता येतं. पाऊस जूनमध्ये येईल की पुढच्या जानेवारीत, येईल तेव्हा पाणी पडेल की धूळ, हेच माहीत नसेल तर डब्यात काय भरणार? ती अनिश्चितता. तिच्यासाठी वस्तू भरून भागत नाही. तिच्यासाठी साठवायचा असतो तो वेळ: नोकरी गेली तर दुसरी शोधायला लागणारा वेळ, भाव वाढले तर सवयी बदलायला लागणारा वेळ, नियम बदलले तर कागद जमवायला लागणारा वेळ. पुढची सगळी प्रकरणं याच एका गोष्टीची आहेत.

२. पहिला धक्का चलनाला

निकालाच्या रात्री सर्वांत आधी हललं ते पौंडाचं मोल. मतदान संपलं तेव्हा एका पौंडाला साधारण दीड डॉलर मिळत होते. पहाटेपर्यंत हा आकडा १.३३ डॉलरच्या खाली गेला होता. इतका खाली तो १९८५ नंतर कधी गेला नव्हता. रुपयात सांगायचं तर शंभराच्या आसपासचा पौंड दुसऱ्या दिवशी नव्वदीच्या घरात आला आणि ऑक्टोबरपर्यंत ऐंशीच्या जवळ उतरला.

हे चांगलं झालं की वाईट? उत्तर घरागणिक बदलतं. दोन कुटुंबं कल्पून पाहू.

पहिलं कुटुंब लेस्टरमध्ये राहतं. घरातली सून रुग्णालयात परिचारिका आहे आणि दर महिन्याला ३०० पौंड साताऱ्याला सासू-सासऱ्यांना पाठवते. शंभराच्या दराने ३०,००० रुपये पोचत होते. ८२ च्या दराने २४,६०० पोचू लागले. पगारात एक पेनीही कमी झाली नाही, तरी साताऱ्याच्या घरात महिन्याला ५,४०० रुपयांची तूट आली.

दुसरं कुटुंब पुण्यातलं. मुलगी ब्रिटनला शिकायला निघाली आहे, वर्षाची फी १५,००० पौंड. शंभराच्या दराने १५ लाख लागले असते. ८२ च्या दराने १२ लाख ३० हजार. निकालाचं काहीही सोयरसुतक नसलेल्या या घराला दोन लाख सत्तर हजारांचा फायदा झाला.

म्हणजे ‘निकाल वाईट लागला तर’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणासाठी वाईट? तयारीची सुरुवात एका कागदापासून करावी. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: आपली कमाई कुठल्या चलनात, खर्च कुठल्या, कर्ज कुठल्या आणि शिल्लक कुठल्या. चारही एकाच चलनात असतील तर चलनाच्या चढउताराची झळ थेट लागत नाही, महागाईच्या वाटेने लागते. कमाई एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात असेल तर त्या घराने आधी इकडे लक्ष द्यावं. पुण्याच्या पालकांना निकालाआधी कोणी विचारलं असतं की आताच सगळे पौंड घेऊ का, तर नेमकं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं. निम्मे आज, निम्मे नंतर, हा उपाय तेवढा सांगता आला असता. तो चतुर दिसत नाही. पण रात्रीची झोप शाबूत ठेवतो, आणि घराच्या हिशोबात तिला मोल आहे असं मला वाटतं.

शेअरबाजाराचं तर उलटंपालटंच झालं. शुक्रवारी लंडनचा बड्या कंपन्यांचा निर्देशांक उघडताना आठ टक्क्यांहून अधिक घसरला आणि दिवसअखेर तीन टक्क्यांच्या घसरणीवर थांबला. आठवड्याच्या आत तो मतदानाआधीच्या पातळीवर परतला. कारण साधं आहे: त्या बड्या कंपन्यांची बरीचशी कमाई डॉलरसारख्या परकीय चलनांत होते, आणि पौंड पडला की पौंडात मोजलेली ती कमाई फुगते. मुंबईतही त्या दिवशी सेन्सेक्स सहाशेवर अंकांनी खाली बंद झाला. मालकीच्या ब्रिटिश जग्वार-लँड रोव्हरमुळे टाटा मोटर्सच्या शेअरला मोठा मार बसला. शुक्रवारी घाबरून विकणाऱ्यांनी तोटा पक्का केला. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं फारसं बिघडलं नाही.

एका प्रकारच्या गुंतवणुकीत मात्र लोक खरोखर अडकले. कार्यालयं, दुकानं अशा मालमत्तांत पैसे गुंतवणारे काही फंड ब्रिटनमध्ये लोकप्रिय होते, आणि त्यातून हवे तेव्हा पैसे काढता येतात असं लोक धरून चालले होते. जुलै २०१६ च्या पहिल्या आठवड्यात पैसे मागणारे इतके झाले की अनेक मोठ्या फंडांनी व्यवहारच थांबवले. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. आठ मजली इमारत एका दुपारी विकून पैसे देता येत नाहीत, इतकंच. खात्यावर दिसणारा पैसा आणि हातात येणारा पैसा यांतलं अंतर अशा वेळी कळतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात ठेवावा, मग व्याज कितीही कमी मिळो. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण किती आहे तेही पाहून ठेवावं. ब्रिटनमध्ये ती मर्यादा २०१७ पासून, ब्रेक्झिटच्या सगळ्या धामधुमीत, माणशी एका बँकेत ८५,००० पौंड होती. आपल्याकडे ती २०२० पासून पाच लाख रुपये आहे, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले म्हणून ती दुप्पट होत नाही.

३. भाव लगेच का चढले नाहीत?

पौंड एका रात्रीत पडला, पण शनिवारी दुकानात गेलेल्या माणसाला पावाचा, दुधाचा भाव कालचाच दिसला. ‘काही झालं नाही, उगाच घाबरवत होते’, असं म्हणणारे लगेच उठले. निकालाआधी ब्रिटिश अर्थखात्याने बाहेर पडण्याचं मत होताच मंदी येईल असा इशारा दिला होता, आणि ती काही आली नाही. त्यामुळे या म्हणण्याला जोरही आला.

मालाचे भाव उशिरा हलतात. परदेशातून माल आणणारे व्यापारी पुढच्या काही महिन्यांचा चलनाचा दर आधीच ठरवून ठेवतात. जूनमध्ये पौंड पडला तरी फेब्रुवारीत केलेल्या कराराचा जुना दर चालू असतो. करार संपला की नवा दर लागू होतो, मग घाऊक भाव वाढतो आणि त्यानंतर दुकानातला. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. युनिलिव्हरने आपल्या मालाचे घाऊक भाव सुमारे दहा टक्के वाढवायला घेतले आणि टेस्को या दुकानसाखळीने नकार दिला. पावाला लावायचा मार्माइट नावाचा काळा, खारट लेप तिथे घरोघरी असतो. तो टेस्कोच्या संकेतस्थळावरून गायब झाला. एका दिवसात तडजोड झाली, पण एवढ्यात अर्ध्या देशाला चलनाच्या दराचा धडा मिळाला होता. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं ते एका बरणीने केलं.

जून २०१६ मध्ये महागाईचा वार्षिक दर ०.५ टक्के होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो ३.१ टक्के झाला. त्या वेळी पगार वर्षाला साधारण अडीच टक्क्यांच्या आतच वाढत होते. महिना २,००० पौंड मिळवून सगळे खर्च करणारं घर घ्या. पगार वाढला सुमारे ४८ पौंडांनी, खर्च वाढला ६२ पौंडांनी. महिन्याला १४ पौंड कमी पडले. आकडा किरकोळ आहे, म्हणूनच तो कोणाला दिसत नाही. वर्षाचे १६८ होतात, आणि ते सहसा मुलाच्या सहलीतून किंवा दाताच्या डॉक्टरकडून कापले जातात.

घराने यातून घ्यायचं ते वेळेचं गणित. निकाल आणि झळ यांच्यात पाच-सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत फट असते. या फटीत जुनं महागडं कर्ज फेडणं, भाडेकरार नव्या मुदतीने करून घेणं, लांबणीवर टाकता येणारी मोठी खरेदी थांबवणं, हे सगळं जमण्यासारखं असतं. अट एकच: पहिल्या महिन्यातल्या शांततेवर विसंबू नये.

व्याजदरांबद्दल एक वाक्य पुरे. पुष्कळांना ते चढतील असं वाटत होतं, पण बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्ट २०१६ मध्ये मूळ दर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला.

४. कपाटात काय?

आता लोकांच्या आवडत्या विषयाकडे येऊ. २०१९ च्या जानेवारीत संसदेने मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार २३० मतांच्या फरकाने फेटाळला आणि ‘कराराविनाच बाहेर पडलो तर?’ ही भीती खरी झाली. घराघरांत डबे भरायला सुरुवात झाली. एका कंपनीने सुकवलेल्या अन्नाचे डबे, पाणी गाळायचं साधन आणि जाळ पेटवायचं द्रव्य अशी तीनशे पौंडांच्या आसपासची पेटीच विकायला काढली. सरकारही मागे नव्हतं: जादा जहाजफेऱ्यांसाठी त्याने १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट अशा कंपनीला दिलं जिच्याकडे एकही जहाज नव्हतं. पुढे ते रद्द करावं लागलं.

खरा धोका काय होता? सरकारी अंदाजांचा एक गोपनीय कागद ‘यलोहॅमर’ या नावाने ओळखला जातो. तो संसदेच्या आदेशावरून ११ सप्टेंबर २०१९ ला प्रसिद्ध झाला. डोव्हर आणि कॅले यांच्यामधल्या अरुंद समुद्रमार्गाने येणाऱ्या मालट्रकांचं प्रमाण पहिल्या दिवशी नेहमीच्या ४० ते ६० टक्क्यांवर येऊ शकतं, ट्रकांना दीड ते अडीच दिवस खोळंबावं लागू शकतं, आणि ही स्थिती तीन महिने राहू शकते, असं त्यात म्हटलं होतं. अन्नाचा एकूण तुटवडा पडेल असं त्यात नव्हतं. काही प्रकारचा ताजा माल कमी होईल, निवड कमी होईल, भाव वाढतील आणि त्याचा सर्वाधिक भार गरीब घरांवर पडेल, असं होतं.

हे नीट वाचलं तर मजेशीर निष्कर्ष निघतो. हिवाळ्यात ब्रिटनमध्ये टोमॅटो, सॅलडची पानं, ढोबळी मिरची मुख्यतः स्पेन आणि नेदरलँड्सहून येतात, आणि तीही याच वाटेने, ट्रकमधून. अडणार होतं ते हेच. भारतातून तूरडाळ, तांदूळ, मसाले मोठ्या मालवाहू जहाजांतून दुसऱ्याच बंदरांवर उतरतात. गहू तर ब्रिटनमध्ये भरपूर पिकतो. म्हणजे जे अडण्याची शक्यता होती ते साठवता येण्यासारखं नव्हतं, आणि जे साठवलं गेलं ते बहुधा अडणार नव्हतं. लंडनमधल्या मराठी घराने वीस किलो बासमती भरून ठेवला असता तर तो पुढे खाल्ला गेला असता, बिघडलं काही नसतं. पण ब्रेक्झिटची तयारी म्हणून त्याला अर्थ नव्हता.

मग साठा करायचाच नाही का? करावा, पण मोजून. चौघांच्या घरात आठवड्याला दोन किलो कणीक, दीड किलो तांदूळ, पाऊण किलो डाळ लागते असं धरा. नेहमीच्या वापरापेक्षा दोन आठवड्यांचं जास्त म्हणजे चार किलो कणीक, तीन किलो तांदूळ, दीड किलो डाळ. हे एकदम आणू नये, पाच-सहा फेऱ्यांत एकेक पिशवी वाढवत आणावं. म्हणजे खिशावर भार येत नाही आणि दुकानातलं फडताळही रिकामं होत नाही. नवं मागे, जुनं पुढे. गोठवलेले मटार, डबाबंद टोमॅटो हे ताज्या भाजीचे खरे पर्याय, तेव्हा जागा आधी त्यांना द्यावी. आणि घरात कोणी खात नाही ती वस्तू भीतीपोटी आणू नये. डबाबंद सार्डिन न खाणारं घर संकटातही ते खाणार नाही.

औषधांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. ब्रिटनच्या औषधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश औषधं याच अरुंद मार्गाने येतात असं यलोहॅमरमध्ये नमूद होतं. सरकारने कंपन्यांना ऑगस्ट २०१८ पासूनच नेहमीपेक्षा सहा आठवड्यांचा जास्त साठा करायला सांगितलं होतं, आणि रुग्णांना मात्र घरी साठा करू नका असं बजावलं होतं. यात दुटप्पीपणा वाटतो, पण तर्क बरोबर आहे. कंपनीचा साठा ज्याला लागेल त्याच्याकडे जातो, घरच्या कपाटातला साठा तिथेच राहतो. इन्सुलिनसारखं औषध तर थंड ठेवावं लागतं आणि त्याला मुदत असते. घराच्या हातात होतं ते एवढंच: शेवटच्या गोळीपर्यंत न थांबता पुढची चिठ्ठी आठवडाभर आधी मागायची, आणि औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि पर्यायी औषध कोणतं चालेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. पुरवठा अडला की दुकानदार दुसऱ्या कंपनीची गोळी देतो, आणि मूळ नाव माहीत असेल तर म्हातारी माणसं गोंधळत नाहीत.

साठ्याच्या प्रकरणाला एक शेपूट आहे. यलोहॅमरमध्येच इशारा होता की लोकांच्या घाबरट खरेदीने टंचाई ओढवू शकते. तसं झालंही, पण भलत्याच वेळी. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये टँकरचालक कमी पडले. त्यामागे ब्रेक्झिट होतं, करोनाही होता. काही थोडे पेट्रोलपंप बंद झाले. शुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोल भरपूर होतं. पण बातमी आली आणि एरवी टाकी पाव उरल्यावर भरणारा प्रत्येक जण त्याच दिवशी काठोकाठ भरायला निघाला. हजारो पंप कोरडे पडले.

५. तारीख हलते तेव्हा

बाहेर पडण्याची पहिली तारीख होती २९ मार्च २०१९. ती १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. त्या दिवशी ब्रिटन खरोखर बाहेर पडलं, पण जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिले, आणि पुढच्या व्यापाराचा करार झाला तो त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २४ डिसेंबरला.

तारखेवर विसंबून केलेली तयारी कशी वाया जाते याची उदाहरणं सरकारनेच घालून दिली. ३१ ऑक्टोबर २०१९ अशी तारीख घातलेली पन्नास पेन्सची नाणी पाडायला घेतली होती. तारीख टळली आणि सुमारे दहा लाख नाणी वितळवावी लागली. ‘ब्रेक्झिटसाठी तयार व्हा’ या जाहिरातींसाठी १० कोटी पौंड काढून ठेवले होते. तारीख पुढे गेल्यावर मोहीम आवरली, तोवर ४ कोटी ६० लाख खर्च झाले होते, आणि सरकारी लेखापरीक्षकांना त्यातून लोकांची तयारी वाढल्याचा फारसा पुरावा सापडला नाही.

घरासाठी यातून एक चाळणी मिळते. कुठल्याही तयारीला विचारावं: काहीच घडलं नाही तर हे वाया जाईल का? बचत खात्यातले चार महिन्यांचे पैसे वाया जात नाहीत. नेहमीच्या खाण्यातला दोन आठवड्यांचा जास्त शिधा वाया जात नाही. किंबहुना मार्च २०२० मध्ये करोनामुळे दुकानांची फडताळं रिकामी झाली तेव्हा तो ब्रेक्झिटसाठी साठा केलेल्या घरांच्या कामाला आला. सहा महिन्यांहून अधिक मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट वाया जात नाही. पाणी गाळायची ती पेटी मात्र बहुतेक घरांत अजून माळ्यावरच असेल.

६. सर्वांत लांबलेली गोष्ट: कागद

डब्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येत होती. कागदांची येत नव्हती, कारण कागदांचं छायाचित्र चांगलं येत नाही. पण ब्रेक्झिटने खरोखर कोणाची घरं हादरली असतील तर कागदांमुळे, आणि त्यात आपल्या शेजारच्या गोव्याची माणसं मोठ्या संख्येने होती.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व मिळवू देतं. आजोबांची जन्मनोंद लिस्बनला करून घ्यायची, मग बापाची, मग आपली, आणि पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की युरोपीय संघात कुठेही राहून काम करता येत असे. पुष्कळ गोवेकर या वाटेने पोर्तुगालला गेलेच नाहीत, थेट इंग्लंडला गेले. लंडनच्या पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या स्विंडनमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. गोदामं, कारखाने, रुग्णालयांची साफसफाई, पॅकिंग अशी कामं ते करू लागले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागला होता. परतीची वाट त्यांनी स्वतःच अरुंद केली होती.

जनमताच्या वेळी नियम असा होता की ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मत देऊ शकतील, पण युरोपीय संघातल्या बहुतेक देशांचे नागरिक देऊ शकणार नाहीत. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या दोन भावांपैकी भारतीय पासपोर्टवर नोकरीला आलेल्याला मत होतं, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्याला नव्हतं. निकालाने ज्याच्या पायाखालची जमीन जाणार होती, त्यालाच विचारलं नव्हतं. स्विंडनने बहुमताने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं.

सरकारने मग युरोपीय रहिवाशांसाठी वास्तव्य योजना आणली. अर्जाला ६५ पौंड शुल्क ठेवलं होतं, ते जानेवारी २०१९ मध्ये मागे घेतलं. ३० मार्च २०१९ पासून योजना सर्वांना खुली झाली आणि शेवटची तारीख ठरली ३० जून २०२१. सलग पाच वर्षं राहिलेल्याला कायम दर्जा, त्याहून कमी राहिलेल्याला तात्पुरता. शेवटच्या तारखेपर्यंत साठ लाखांवर अर्ज आले.

ऐकायला सोपं आहे, आणि पगारदार माणसाला ते सोपं गेलंही: राष्ट्रीय विमा क्रमांक घातला की संगणक कराच्या नोंदी पाहून किती वर्षं झाली ते सांगतो. अडकले ते घरातले बाकीचे. पगार नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार नवऱ्याच्या नावावर. मग पाच वर्षं त्या घरात स्वयंपाक करणारी, मुलांना शाळेत सोडणारी बायको तिथे राहत होती याचा पुरावा काय? नातवंडं सांभाळायला आलेल्या आजीचा पुरावा काय? तिथे जन्मलेल्या मुलांची तर वेगळीच फसगत झाली. मूल ब्रिटनमध्ये जन्मलं म्हणजे आपोआप ब्रिटिश असं अनेक आईबाप धरून चालले होते. कायदा तसा नाही. जन्माच्या वेळी आई-बाप दोघांपैकी कोणीच ब्रिटिश नसेल, कोणाकडे कायम वास्तव्याचा दर्जाही नसेल, तर मुलासाठीही वेगळा अर्ज लागत होता.

‘सलग’ या अटीनेही घोळ घातला. साधारण नियम असा की कुठल्याही बारा महिन्यांत मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहू नये. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेला माणूस घ्या. वडिलांच्या आजारपणासाठी तो एकदा चार महिने गोव्याला राहिला, तर काही बिघडत नाही, सप्टेंबर २०१९ मध्ये त्याची पाच वर्षं भरतात. तोच २०१७ मध्ये घराचं बांधकाम उरकायला नऊ महिने राहिला आणि मार्च २०१८ मध्ये परतला, तर मोजणी मार्च २०१८ पासून पुन्हा सुरू, आणि पाच वर्षं भरणार मार्च २०२३ मध्ये. महत्त्वाच्या कारणासाठी एकदा वर्षापर्यंतची सवलत होती. आजारपण, बाळंतपण, शिक्षण यांसाठी ती मिळे. स्लॅब टाकणं त्यात बसवणं कठीण.

कागद नसले तर काय होतं हे त्याच सुमाराला साऱ्या देशाने पाहिलं होतं. १९४८ पासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कॅरिबियन बेटांवरून आलेली हजारो माणसं कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये राहत होती, पण त्यांना त्याचा कागद कोणी दिला नव्हता. त्यांची उतरल्याच्या नोंदींची कार्डं सरकारी खात्याने २०१० मध्ये नष्ट करून टाकली होती. पुढे नियम कडक झाल्यावर यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या, उपचार, घरं गेली आणि काहींना देशाबाहेर काढलं गेलं. २०१८ मध्ये हे उघडकीला आलं आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर स्विंडनमधल्या गोवेकर घरांतही कागदांच्या पिशव्या फडताळावरून खाली आल्या असतील तर नवल नाही.

इथे घराची बेगमी म्हणजे काय, ते नेमकं सांगता येतं. घरातल्या प्रत्येक प्रौढाच्या नावावर पत्त्यासकट निदान दोन गोष्टी असाव्यात: एक बिल आणि एक बँक खातं. नगरपालिकेच्या घरपट्टीवर दोघांची नावं चढवायला फोन पुरतो. दवाखान्यात नाव नोंदवल्याचं पत्र, मुलांच्या शाळेचं पत्र, वर्षअखेरचा पगार-कराचा दाखला, हे दरवर्षी एकदा एका जाड पाकिटात घालावं आणि पाकिटावर वर्ष लिहावं. प्रवासाच्या तारखा वहीत टिपाव्यात, कारण पासपोर्टावरचे शिक्के पुसट होतात आणि युरोपीय पासपोर्टावर तर तेव्हा शिक्के पडतही नसत. जन्मदाखला, लग्नाचा दाखला यांच्या प्रती आणि भाषांतरं आधीच करून ठेवावीत. गोव्यातल्या नोंदींत एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, आणि ते दुरुस्त करायला लागणारे महिने मुदत संपत आल्यावर मिळत नाहीत.

दर्जा मिळाला तरी हातात कार्ड आलं नाही. सगळं संगणकावर. घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला दाखवायचं तर संकेतस्थळावरून तात्पुरता क्रमांक काढून द्यायचा. अर्ज करताना मुलीचा फोन नंबर आणि पुतण्याचा ईमेल दिलेल्या वयस्कांची इथे पंचाईत झाली. नंबर बदलला की खातं उघडेना. तात्पुरत्या दर्जाची पाच वर्षं संपताना पुन्हा अर्ज केला नाही तर हक्कच जातील, अशी धास्ती होती. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून सरकार मुदत आपोआप वाढवू लागलं. पण वाढलेली मुदत विमानतळावरच्या पडद्यावर नीट दिसावी लागते, आणि ती जोडलेली असते पासपोर्टच्या क्रमांकाला. तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टचं नूतनीकरण झालं की घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे नवा क्रमांक आपल्या खात्यात चढवणं, आणि तो चढल्याची खातरजमा होईपर्यंत गोव्याचं तिकीट न काढणं.